पहिलेपणाचे ओझे : मुंबई उपनगरी रेल्वेचे विद्युत रूपांतरण (१९२५ ते २०१६)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रारंभाच्या तारखा ठळकपणे नोंदविल्या जातात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवरील गाडी धावली, अशा नोंदी पाठ्यपुस्तकांतून आणि स्मरणिकांतून वारंवार आढळतात. मात्र एकदा उभारलेली व्यवस्था कालबाह्य झाल्यानंतर ती कशी बदलली गेली, चालू स्थितीत असतानाच तिचे जुने भाग काढून नवे कसे बसविले गेले, याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. उद्घाटनाला समारंभ असतो, नूतनीकरणाला तो नसतो. त्यामुळे नूतनीकरणाच्या नोंदी शासकीय अहवालांत आणि प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीच्या बातम्यांत विखुरलेल्या राहतात.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवरील १५०० व्होल्ट दिष्ट प्रवाहाच्या म्हणजे डी. सी. प्रणालीचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाच्या म्हणजे ए. सी. प्रणालीत झालेले रूपांतर हे अशा दुर्लक्षित इतिहासाचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत निबंधात या रूपांतराची पार्श्वभूमी, त्यास झालेल्या विलंबाची कारणे, त्याची कार्यपद्धती आणि त्याची सामाजिक किंमत यांचा विचार केला आहे. १९२५ चा निर्णय चुकीचा होता म्हणून तो १९९० नंतर बदलावा लागला, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष इतिहासाला धरून आहे काय, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

१९२५ चा निर्णय आणि त्याची संगती

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबई शहराची वाढ उत्तरेकडे होऊ लागली होती. गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या दक्षिणेकडे, तर वस्ती हळूहळू उत्तरेकडे, अशी शहराची रचना आकार घेत होती. या रचनेत दर काही मिनिटांनी थांबणारी आणि पुन्हा वेग घेणारी गाडी हवी होती. वाफेचे इंजिन लांब पल्ल्याच्या प्रवासास योग्य असले, तरी वारंवार थांबून त्वरेने वेग घेण्याच्या कामी ते अपुरे पडत असे. दुसरीकडे पुणे आणि नाशिक या दोन्ही दिशांना सह्याद्रीचा अडसर होता. भोर घाट आणि थळ घाट या दोन्ही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा तीव्र चढ आहे. अशा चढावर जड गाड्या वाफेवर ओढणे खर्चिक आणि वेळखाऊ होते.

याच काळात सह्याद्रीच्या पावसावर उभी राहिलेली टाटांची जलविद्युत केंद्रे कार्यान्वित होत होती. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) या केंद्रांमुळे मुंबई हे जलविद्युत मुबलक असलेले शहर बनले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्रही उभारले. अर्थात विद्युतीकरणाची गरज आणि साधने एकाच काळात उपलब्ध झाली.

उरला प्रश्न प्रणालीचा. त्या काळी गाडी ओढण्यासाठी सर्वांत भरवशाची मोटर म्हणजे दिष्ट प्रवाहावर चालणारी श्रेणी मोटर होती. गाडी स्थिर असताना ती सर्वाधिक ओढ देते आणि वेग वाढेल तशी तिची ओढ आपोआप कमी होते. औद्योगिक वारंवारितेचा प्रत्यावर्ती प्रवाह थेट अशा मोटरला दिल्यास तिच्या दिक्परिवर्तकावर ठिणग्या उडत, आणि गाडीवरच त्या प्रवाहाचे दिष्ट प्रवाहात रूपांतर करण्याची आटोपशीर साधने तेव्हा नव्हती. म्हणून हे रूपांतर मार्गालगतच्या उपकेंद्रांत करून तारेत दिष्ट प्रवाह सोडणे हाच व्यवहार्य मार्ग होता. ब्रिटनमध्ये सर अलेक्झांडर केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही १९२१ च्या सुमारास १५०० व्होल्ट दिष्ट प्रवाह हेच प्रमाण सुचविले होते. फ्रान्स आणि नेदरलँड्स या देशांनीही तेच स्वीकारले. मुंबईने निवडलेली प्रणाली ही त्या क्षणी जगातील अद्ययावत प्रणालींपैकी एक होती.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर पहिली विद्युत गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचा आरंभ झाला. जानेवारी १९२८ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कुलाबा ते बोरिवली मार्गावर वीज आली. १९३० पर्यंत पुणे आणि इगतपुरी या दोन्ही दिशांचे घाट विजेखाली आले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ही याच व्यवस्थेचे अपत्य होय. घाटांत मालगाड्या ओढणाऱ्या, मधोमध सांधे असलेल्या विद्युत इंजिनांना कर्मचाऱ्यांनी ‘खेकडा’ हे नाव दिले. नवे यंत्र परिचयाचे झाल्याची ही खूण होती.

प्रमाण बदलले, मुंबई तशीच राहिली

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. जर्मनीतील ह्योलेनटाल मार्गावर १९३६ पासून ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा प्रयोग चालू होता. युद्धानंतर तो भाग फ्रेंच ताब्यात गेला आणि फ्रेंच अभियंत्यांना त्या प्रयोगाचा अभ्यास करता आला. १९५० च्या दशकात फ्रान्सने २५,००० व्होल्टची प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणून सिद्ध केली. फ्रेंच रेल्वेच्या सहकार्याने भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये हीच प्रणाली देशाचे प्रमाण म्हणून स्वीकारली आणि डिसेंबर १९५९ मध्ये राजखरसावां ते डोंगापोसी या खंडावर ती प्रथम कार्यान्वित झाली.

दोन प्रणालींमधील फरक एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. एखाद्या गाडीला ३००० किलोवॅट शक्ती हवी असेल, तर १५०० व्होल्टच्या तारेतून सुमारे २००० अँपिअर प्रवाह वाहावा लागतो. २५,००० व्होल्टच्या तारेतून त्याच शक्तीसाठी सुमारे १२० अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक केवळ सोयीचा राहत नाही. दिष्ट प्रवाहाच्या प्रणालीत जाड तांब्याच्या तारा आणि काही किलोमीटरच्या अंतराने उपकेंद्रे लागतात. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रणालीत तार हलकी असते आणि उपकेंद्रांतील अंतर कितीतरी पटींनी वाढते. गाड्यांची लांबी आणि संख्या जसजशी वाढत गेली, तसतशी मुंबईच्या तारांवरील ओढ वाढत गेली. प्रत्येक नवी गाडी सोडण्यापूर्वी तार तिला पुरेल काय, हा प्रश्न विचारावा लागू लागला.

तरीही मुंबई तशीच राहिली. मद्रासचा बीच ते तांबरम हा १९३१ चा १५०० व्होल्टचा मीटरगेज मार्ग १९६० च्या दशकात बदलण्यात आला. हावड्याजवळ १९५७ मध्ये सुरू झालेली ३००० व्होल्टची व्यवस्थाही अल्पावधीत बदलली. या दोन्ही ठिकाणी जुनी व्यवस्था तुलनेने लहान किंवा नवी होती. मुंबईत ती विस्तीर्ण, मुरलेली आणि अखंड वापरात होती. शेकडो डबे, डझनावारी उपकेंद्रे, सिग्नलयंत्रणा, कारखाने, कर्मचाऱ्यांचे कौशल्य हे सारे दिष्ट प्रवाहाभोवती रचले गेले होते. जी व्यवस्था प्रथम येते, तिच्याभोवती सर्वाधिक गोष्टी रुजतात, आणि म्हणून तीच सर्वांत शेवटी बदलते. मुंबईच्या पहिलेपणाचे हेच ओझे होते.

या काळात मुंबईत काहीच बदलले नाही असे मात्र नव्हे. उपकेंद्रांतील फिरत्या परिवर्तकांची जागा पारा-चाप दिष्टकारींनी आणि पुढे सिलिकॉन दिष्टकारींनी घेतली. डबे अनेकदा बदलले. प्रणालीचा सांगाडा कायम ठेवून तिचे अवयव बदलण्याची ही रीत होती. तिने जुन्या प्रणालीचे आयुष्य वाढविले आणि तीमुळेच मूळ बदल लांबणीवरही पडला.

सीमारेषेवरील तडजोड

१९६० आणि १९७० च्या दशकांत देशातील अन्य मार्गांवर नवी प्रणाली पसरत मुंबईच्या दिशेने आली. मध्य रेल्वेवर इगतपुरी आणि पश्चिम रेल्वेवर विरार ही दोन प्रणालींची सीमास्थाने ठरली. इगतपुरीस गाडी आली की तिचे इंजिन बदलावे लागे. घाटाच्या माथ्यावरील हे स्थानक प्रवाशांच्या स्मरणात वाफाळत्या चहासाठी राहिले असले, तरी तेथील थांब्यामागे विजेच्या दोन युगांची सीमाही उभी होती.

या अडचणीवर चित्तरंजन येथे तयार झालेल्या दुहेरी प्रणालीच्या इंजिनांनी उपाय केला. डब्ल्यू. सी. ए. एम. या वर्गातील पहिली इंजिने १९७० च्या दशकाच्या मध्यास आली आणि मुंबई ते अहमदाबाद मार्गावर विरार येथे इंजिन न बदलता गाड्या धावू लागल्या. पुढे १९९० च्या दशकात भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने याच वर्गाच्या सुधारित आवृत्त्या तयार केल्या. अशा इंजिनात रोहित्र आणि दिष्टकारी असतो. प्रत्यावर्ती प्रवाहाखाली त्यांचा उपयोग होतो आणि दिष्ट प्रवाहाखाली ते केवळ वाहून न्यावयाचे वजन असते. म्हणजेच जुनी आणि नवी व्यवस्था एकत्र नांदवण्याची किंमत प्रत्येक इंजिन आपल्या अंगावर वागवीत होते. मात्र याच तडजोडीतून पुढील रूपांतराची गुरुकिल्ली मिळाली.

न थांबता बदलणे : रूपांतराची कार्यपद्धती

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुंबईतील संपूर्ण रूपांतराला चालना मिळाली. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले आणि २००२ पासून जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प राबविला जाऊ लागला. रूपांतराच्या कामाचा मोठा भाग या प्रकल्पाशी जोडला गेला.

या कामातील मुख्य अडचण तांत्रिक ज्ञानाची नव्हती. जगाला दोन्ही प्रणाली ठाऊक होत्या. अडचण ही होती की व्यवस्था बंद ठेवता येत नव्हती. लाखो माणसांचा रोजगार ज्या गाड्यांवर अवलंबून आहे, त्या गाड्या एक महिनाभर थांबविणे अशक्य होते. शेवटची गाडी गेल्यावर आणि पहिली गाडी निघण्यापूर्वी मिळणारे रात्रीचे मोजके तास, आणि रविवारचे ‘मेगाब्लॉक’, एवढाच वेळ हाती होता.

त्यामुळे कामाचा क्रम हाच कामाचा गाभा ठरला. मार्गाचा एकही खंड बदलण्यापूर्वी त्यावर धावणारी प्रत्येक गाडी दोन्ही प्रवाहांवर चालणारी असणे आवश्यक होते. अन्यथा सीमेपाशी प्रवाशांना उतरवावे लागले असते. म्हणून आधी गाड्या बदलल्या. काही जुन्या रेकमध्ये नवी विद्युत यंत्रणा बसविण्यात आली, आणि २००७ पासून सीमेन्सची त्रिकला मोटरींची यंत्रणा असलेल्या नव्या रेक दाखल झाल्या. या नव्या गाड्यांत ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत पाठविण्याची सोय होती. जुन्या लोकलमध्ये वेग नियंत्रित करताना बरीचशी वीज रोधकांमध्ये उष्णता होऊन वाया जात असे.

त्यानंतर तारा बदलल्या. २५,००० व्होल्टला पेलतील असे मोठे विद्युतरोधक, नवे खांब आणि नव्या तारा बसवून त्यांतून काही काळ जुनाच १५०० व्होल्टचा प्रवाह वाहू दिला गेला. प्रवाशाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसे, परंतु डोक्यावरची व्यवस्था उद्याच्या दाबासाठी सज्ज झालेली असे. समांतरपणे सिग्नलयंत्रणा बदलावी लागली. रुळांत गाडी आहे की नाही हे ओळखणारी मंडले दिष्ट प्रवाहाच्या क्षेत्रात प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. कर्षणाचा प्रवाह बदलला की तीही बदलणे भाग असते. उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती तारेमुळे शेजारच्या दूरध्वनी तारांत प्रवर्तनाने विद्युतदाब निर्माण होतो, म्हणून दळणवळणाच्या तारांचीही फेररचना करावी लागली. अखेरीस एखाद्या रात्री जुना प्रवाह तोडून नवा सोडला जाई आणि पहाटे पहिली लोकल नव्या युगात निघे.

हे काम बाहेरून आत, म्हणजे सीमास्थानांकडून शहराच्या टोकाकडे सरकत गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग चर्चगेटपर्यंत पूर्ण बदलला. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत बदलला. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील दिष्ट प्रवाह बंद झाला.

पूल, छपरे आणि माणसे

विद्युतदाब वाढला की तारेपासून राखावयाचे सुरक्षित अंतरही वाढते. १५०० व्होल्टची तार ज्या पुलाखालून निर्धोकपणे जात होती, त्याच पुलाखालून २५,००० व्होल्टची तार नेण्यास जागा अपुरी पडली. एकोणिसाव्या शतकातील पूल वाफेच्या इंजिनाच्या धुराड्याची उंची लक्षात घेऊन बांधलेले होते. त्यांखाली काही ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले, तर काही ठिकाणी गाड्यांच्या वेगावर मर्यादा आली.

सँडहर्स्ट रोडजवळील १८७९ चा हँकॉक पूल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. कमी उंचीमुळे त्याखालून गाड्या मंद गतीने न्याव्या लागत. जानेवारी २०१६ मध्ये तो पाडण्यात आला. गाड्यांचा अडसर दूर झाला, परंतु रुळांच्या दोन्ही बाजूंस राहणाऱ्यांचा रस्ता नाहीसा झाला. शाळकरी मुलांसह रहिवाशांना रूळ ओलांडून जाण्याची वेळ आली आणि हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. नव्या पुलावरून वाहतूक सुरू होण्यास २०२२ साल उजाडले. रेल्वेच्या हिशेबात जे काम एका रात्रीच्या आणि एका दिवसाच्या ब्लॉकमध्ये संपले, ते वस्तीच्या हिशेबात सहा वर्षे चालू राहिले.

दुसरा प्रश्न छपरावरून प्रवास करणाऱ्यांचा होता. गर्दीमुळे किंवा धाडसापोटी टपावर बसणारे प्रवासी ही मुंबईची जुनी समस्या होती. १५०० व्होल्टची तारही प्राणघातकच होती, पण तिला स्पर्श झाला तर. २५,००० व्होल्टच्या तारेजवळ केवळ हात नेला तरी विजेची झेप बसू शकते. जुन्या व्यवस्थेच्या सवयीने वागणाऱ्या माणसाला नवी व्यवस्था इशाऱ्याची संधी देत नाही. म्हणून रूपांतराच्या प्रत्येक टप्प्यापूर्वी रेल्वेने ध्वनिक्षेपकावरून आणि फलकांवरून इशारे दिले. यंत्रांबरोबर माणसांच्या अंगवळणी पडलेल्या धारणाही बदलाव्या लागतात, ही बाब येथे ठळकपणे दिसते.

इतर देशांतील वाटा

१५०० व्होल्टचा वारसा लाभलेल्या अन्य देशांनी निरनिराळ्या वाटा निवडल्या. नेदरलँड्सने आपल्या मुख्य जाळ्यावर हीच प्रणाली कायम ठेवली आहे आणि फ्रान्सच्या दक्षिण भागातही ती टिकून आहे. ब्रिटनमधील मँचेस्टर ते शेफील्ड हा वुडहेड मार्ग १९५४ मध्ये मोठ्या अपेक्षेने या प्रणालीवर सुरू झाला. तोवर प्रमाण बदलत चालले होते. कोळशाची वाहतूक घटल्यावर १९८१ मध्ये त्याचा डोंगरातील भाग बंद करण्यात आला आणि मँचेस्टरच्या बाजूचा उपनगरी तुकडा तेवढा १९८४ मध्ये २५,००० व्होल्टवर आणला गेला.

जुने जपणे, सोडून देणे आणि बदलणे अशा या तीन वाटा होत. वुडहेडप्रमाणे मार्ग सोडून देणे मुंबईला शक्य नव्हते, कारण शहरच त्यावर उभे होते. नेदरलँड्सप्रमाणे जुने जपणेही अवघड होते, कारण तेथील जाळे एकजिनसी आहे, तर मुंबईभोवतीचा सारा देश दुसऱ्या प्रणालीवर गेला होता. त्यामुळे सर्वांत कष्टाची तिसरी वाट स्वीकारावी लागली.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, १९२५ चा निर्णय त्याच्या काळातील ज्ञानाच्या कसोटीवर योग्य होता. त्यानंतर तीस वर्षांनी सिद्ध झालेल्या प्रणालीच्या आधारे त्यास चूक ठरविणे हे इतिहासलेखनातील कालविपर्यासाचे उदाहरण ठरेल. दुसरा असा की, विलंबाची जबाबदारी केवळ निधीच्या अभावावर टाकता येत नाही. सुटे भाग बदलून जुनी व्यवस्था चालू ठेवण्यात आलेले यश हेही विलंबाचे एक कारण होते. तिसरा निष्कर्ष खर्चाविषयीचा आहे. रूपांतराच्या अंदाजपत्रकात उपकेंद्रे, तारा आणि डबे यांची मोजदाद होते, परंतु पाडलेल्या पुलापलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा फेरा त्यात येत नाही. नूतनीकरणाचा इतिहास लिहिताना हा दुसरा हिशेबही मांडला जाणे आवश्यक आहे.

१९२५ मध्ये विजेची पहिली गाडी हार्बर मार्गावर धावली होती. ९१ वर्षांनंतर दिष्ट प्रवाहाचा निरोप घेणारा मुंबईतील शेवटचा मार्गही तोच ठरला. आरंभाच्या दिवशी तेथे गव्हर्नर उपस्थित होते. अखेरच्या रात्री काम करणारे अभियंते आणि तारकामगार होते, आणि सकाळी नेहमीच्या वेळी फलाटावर आलेल्या प्रवाशाला गाडी नेहमीप्रमाणे मिळाली. त्याला बदल जाणवला नाही, यातच त्या कामाचे यश होते. इतिहासाने त्याची दखल घेण्याचे कारणही तेच आहे.